एसीचं रिकामं खोकं

एसी बघायला कुणाच्या घरी गेलो की मी आधी एसीकडे बघत नसे. दाराशी बूट काढायचे, दिलेलं पाणी प्यायचं आणि विचारायचं, "तुम्ही इथे अजून किती वर्षं आहात?"

नवीन गिऱ्हाईक चक्रावून जायचं. घरात अंगाची लाही होतेय, पोरं ओल्या टॉवेलवर लोळतायत आणि हा माणूस मुलगी बघायला आल्यासारखा चौकशा करतोय! पण दुबईत एसीचं काम केलेल्या कुणालाही विचारा. एसी दुरुस्त करायचा की बदलायचा, याचं निम्मं उत्तर यंत्रात असतं आणि निम्मं घरातल्या माणसांत. यंत्र लगेच बोलतं. माणसं वेळ लावतात.

मी मिरजेचा. आयटीआय करून दुबईला एका मेंटेनन्स कंपनीत फिटर म्हणून गेलो आणि सुपरवायझर होऊन परत आलो. मधल्या बढत्यांची जंत्री देत नाही, तिच्यात माझ्या बायकोलाही रस नाही. काम मात्र समजावून सांगतो, कारण आपल्याकडेही आता घरोघर एसी आलेत आणि जो तो 'गॅस संपला' म्हणत फिरत असतो.

गॅस संपत नाही. तो स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळत नसतो. बंद नळ्यांतून तो गोल गोल फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तो कमी झाला याचा अर्थ तो कुठेतरी गळतोय. गळती शोधून बुजवली तर एसी पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. पण समुद्राची खारी हवा आणि वाळू यांनी मागची जाळीच खाल्ली असेल, बोट लावल्यावर ती पापडासारखी चुरत असेल, तर एक भोक बुजवेपर्यंत शेजारी दुसरं पडतं. मग कॉम्प्रेसर. तो धापा टाकू लागला, जास्त वीज ओढू लागला आणि भर दुपारी मेन स्विच पाडू लागला की समजायचं, आता निरोपाची तयारी करा. यातलं एकच दुखणं असेल तर दुरुस्ती. दोन्ही असतील तर नवा. आमची विद्या एवढीच, बाकी सगळं अंगमेहनत आणि शिडी.

निरोप कसा द्यायचा ते मात्र मला जुमेरातल्या एका अरब आजींनी शिकवलं. मोठी व्हिला होती, घरभर नवी यंत्रं होती, पण त्यांच्या निजायच्या खोलीत भिंतीत बसवलेला एक जुनाट विंडो एसी होता. त्यांच्या नवऱ्यानं तो लावलेला, आणि नवरा आता हयात नव्हता. मी उघडून बघितलं आणि म्हणालो, "मामा, ये खलास." तिथे वयस्कर बाईंना मामा, म्हणजे आई, म्हणतात.

आजी हिंदी झकास बोलायच्या. "खलास? तुम डॉक्टर है? डॉक्टर मरीज के सामने खलास नहीं बोलता. इन्शाल्ला बोलता है. यल्ला, खोलो उसको!"

मी तो एसी तीन उन्हाळे ओढला. त्यातून पुढे गार हवा कमी आणि आवाजच जास्त येई, पण आजी खूश असायच्या. जाताना खजुराचा डबा हातात कोंबत. तेव्हापासून मी कुठल्याही एसीला त्याच्या माणसांसमोर खलास म्हटलं नाही.

मग मंदी आली. पेपरांत आणि टीव्हीवर तिची कारणं बरीच सांगितली, मला ती आमच्या फोनवरून कळली. आधी फोन यायचे ते बसवण्याचे. जुमेरा लेक टॉवर्सकडे तर टॉवर उभे राहायच्या आत आमची माणसं मापं घ्यायला हजर असत. दोन हजार आठ सरता सरता फोन काढण्याचे यायला लागले. 'एसी काढून द्या, विकायचाय.' 'घर सोडतोय, भिंतीतलं भोक बुजवून द्या.' अल बर्शात एका फ्लॅटचं कुलूप वॉचमननं माझ्यासमोर उघडलं, कारण खालच्या घरात पाणी टपकत होतं. आतलं कुटुंब केव्हाच देश सोडून गेलं होतं. जाण्याच्या गडबडीत एसी चालू राहिला होता आणि आतल्या नळ्यांवर बर्फ जमला होता. टेबलावर लहान मुलाची रंगाची वही उघडी होती, आणि निम्मा हत्ती रंगवायचा राहिला होता. मला माझ्या धाकट्याची आठवण झाली. मी एसी बंद केला आणि बर्फ वितळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

आता गद्र्यांकडे वळतो, कारण हा लेख खरा त्यांच्यासाठीच लिहितोय.

करामा या दुबईतल्या जुन्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर गद्रे राहत. गद्रेसाहेब मूळचे पुण्याचे. एका बांधकाम कंपनीत ते इमारतीला सिमेंट, सळ्या किती लागतील याचा अंदाज काढून देत. वहिनी भारतीय शाळेत गणित शिकवत. मुलगी सानिका, जन्म दुबईचा, बारावीत. त्यांच्या बेडरूममधला विंडो एसी लग्नानंतर लगेच घेतलेला होता. तो चालू झाला की आधी खोकायचा, मग खडखड सुरू व्हायची. सानिका त्या खडखडीवर झोपायला शिकलेली. सुट्टीत पुण्याला गेली की तिला शांततेत झोप लागत नसे, म्हणून आजोबा टेबलफॅनला पुठ्ठा अडकवून आवाज करून देत.

मी दर उन्हाळ्यात सांगायचो, "साहेब, बदला आता."

ते नव्याची दिरहमातली किंमत विचारत, मोठ्यानं तेरानं गुणून रुपयांत करत, स्वतःच दचकत आणि म्हणत, "अहो सावंत, कशाला? पुढच्या वर्षी आपण जातोच आहोत."

हे वाक्य मी करामातल्या निदान शंभर घरांत ऐकलं असेल. त्या वाक्यापायी लोकांनी फाटक्या सोफ्यावर आयुष्यं काढली. आणि प्रत्येक घरात त्या वाक्याचा पुरावा असायचा तो म्हणजे रिकामी खोकी. टीव्ही घेतला, खोकं ठेव. मिक्सर घेतला, खोकं ठेव. जाताना सामान पुन्हा त्याच खोक्यांत, त्याच थर्माकोलमध्ये भरून बोटीनं पाठवायचं असतं ना! पलंगाखाली खोकी, कपाटावर छतापर्यंत खोकी. गद्र्यांच्या कपाटावरची खोकी तर बरोबर एसीच्या तोंडासमोर होती. गार हवा त्यांच्यावर आपटून परत फिरायची. खोलीतली सगळ्यात गार जागा त्या खोक्यांच्या वाट्याला आली होती.

"साहेब, निदान ही खोकी हलवा. हवा अडते."

"छे छे, जाताना लागतील."

मी हसायचो खरा, पण हसायचा मला काही हक्क नव्हता. मीही 'पुढच्या वर्षी'तलाच. सुपरवायझर झाल्यावर बायकोमुलांना आणता आलं असतं. पण पुढच्या वर्षी आपण जाणारच, मग कशाला पोरांच्या शाळा बदला, असं म्हणत म्हणत पोरं मिरजेत मोठी झाली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि बायको ते बोलून दाखवत नाही याचं जास्त वाटतं.

मंदीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, गद्रेवहिनींचा फोन आला. "सावंतभाऊ, एसी रोज दुपारी मेन स्विच पाडतोय. बघून जा. आणि एक ऐकाल का? तो संपलाच म्हणून सांगा यांना."

मी 'येतो' एवढंच म्हणालो. बिल्डिंगखाली पोचलो तर किराणा दुकानापाशी गद्रेसाहेब उभे. कामाच्या वारी, भर दुपारी, घरातल्या चपला पायात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नलू काहीतरी बोललीच असेल तुम्हाला. लक्ष देऊ नका. गॅस भरा आणि चालेल म्हणून सांगा."

मी खोदून विचारलं तेव्हा सगळं समजलं. त्यांच्या कंपनीचं प्रोजेक्ट थांबलं होतं. साहेबांना बिनपगारी रजेवर बसवलं होतं आणि नोकरी आज जाते की उद्या, एवढंच उरलं होतं. नोकरी गेली की व्हिसा जातो. मग महिन्याभरात दुसरी नोकरी तरी शोधायची किंवा देश तरी सोडायचा. एक वाट मात्र होती. नवऱ्याच्या व्हिसावर बायको, ही तिथली नेहमीची रीत. पण बाई शिक्षिका असेल तर ती नवऱ्याला आपल्या व्हिसावर ठेवू शकते. वहिनींच्या शाळेनं त्यांना स्वतःचा व्हिसा द्यायची तयारी दाखवली होती. साहेबांनी फक्त हो म्हणायचं होतं, आणि ते त्यांच्याच्यानं होत नव्हतं.

म्हणजे एसी नवा आला तर घर राहणार, जुना चालला तर घर जाणार, असं त्या दोघांनी मनोमन ठरवून टाकलं होतं आणि निकाल द्यायला मला बोलावलं होतं!

मी एसी ओढून बाहेर काढला. मागची जाळी चुरत होती, कॉम्प्रेसर धापा टाकत होता. दोन्ही दुखणी. तिघं माझ्याभोवती उभी. मला जुमेरातल्या आजी आठवल्या.

"गॅस भरला तर दोन-तीन महिने ढकलता येईल," मी म्हणालो. "तुम्ही जाणार असाल तर तेवढं पुरे. राहणार असाल तर यावर खर्च करू नका. तुम्ही इथे अजून किती आहात?"

साहेब वहिनींकडे बघू लागले, वहिनी एसीकडे. शेवटी सानिका म्हणाली, "अंकल, नोबडी इन धिस हाउस विल आन्सर दॅट."

"सानिका!" साहेब ओरडले.

"तिला कशाला ओरडताय?" वहिनी म्हणाल्या. "सावंतभाऊ घरचेच आहेत. तिची बारावी आहे, माझी नोकरी आहे, शाळा व्हिसा द्यायला बसलीय. मग अडतंय कुठे?"

"अडतंय? मी बायकोच्या व्हिसावर राहायचं? पासपोर्टवर स्टॅम्प मारतात माहितेय ना, नॉट परमिटेड टु वर्क. मराठी मंडळात काय सांगू लोकांना? मी आता हाउसवाइफ आहे म्हणून?"

"वीस वर्षं माझ्या पासपोर्टवर तुमचंच नाव आहे. मी कुणाला काय सांगितलं?"

साहेब बाल्कनीत निघून गेले. करामातली जूनची बाल्कनी म्हणजे तापलेला तवा, तिथे कुणी हौसेनं जात नाही. मी मुकाट्यानं गॅस भरला. एसी खोकला, खडखडला आणि चालू झाला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, पण रागानं नाही. मी खोटं बोललो नव्हतो, हे त्यांनाही पटलं होतं.

सप्टेंबरात साहेबांचाच फोन आला. आवाज अगदी सरळ, ऑफिसचा. "सावंत, तो बंद पडला. नवा घेतलाय, बसवायला या. सकाळी या, दोघी शाळेत असतील."

मला आनंद झाला. वाटलं, सुटलं एकदाचं. आमचा फिटर रफीकभाई, पेशावरचा दणकट गडी, त्याला घेऊन गेलो. दार साहेबांनीच उघडलं. बनियनवर वहिनींचा एप्रन, हाताला कणीक लागलेली. त्यांनी चहा दिला, आणि मग शांतपणे सांगितलं की नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल झालाय, आणि ते शुक्रवारच्या विमानानं एकटेच पुण्याला निघालेत.

"एकटे?"

"सानिकाची बारावी होईपर्यंत दोघी राहतील. पुढचं पुढे बघू. मी नसताना एसीनं त्रास द्यायला नको म्हणून आत्ताच नवा घेतला."

एकटं राहणं म्हणजे काय असतं हे मला विचारा. फक्त एक वर्ष म्हणून मी निघालो होतो तेव्हा थोरली बालवाडीत होती. पण गिऱ्हाइकाच्या घरात तोंड किती उघडायचं यालाही मर्यादा असते. "साहेब, एक वर्ष एक वर्ष म्हणता लांबतं," एवढंच म्हणालो. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

जुना एसी रफीकभाईनं एकट्यानं उचलून बाहेर नेला. भिंतीत चौकोनी भोक उरलं, त्यातून खालच्या रस्त्याचा गोंगाट आत आला. नवा बसला. बटण दाबलं तर आवाजच नाही. साहेबांनी दोनदा हात लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून.

मग रफीकभाईनं नेहमीचा प्रश्न विचारला. "साब, कार्टन रखना है?"

"हां, हां, रखना है. ऊपर."

कपाटावर मात्र मुंगीलासुद्धा जागा नव्हती. साहेब म्हणाले, सगळी उतरवून नीट रचू. रफीकभाई वरून देत होता, मी आणि साहेब खाली हॉलमध्ये मांडत होतो. टेपरेकॉर्डरचं खोकं. मिक्सरचं. पहिल्या टीव्हीचं. पंख्याचं. धुळीनं तिघंही शिंकायला लागलो. एका लांबट खोक्यावर तीनचाकी सायकलचं चित्र होतं. साहेबांनी ते हातात घेतलं आणि थांबले.

"सावंत, ही सायकल मोडून जमाना झाला. वॉचमनच्या पोराला देऊन टाकली होती."

"आणि टेपरेकॉर्डर?"

"तो कधीच गेला. मिक्सर आमचा हा तिसरा." त्यांनी एकेका खोक्याकडे बघायला सुरुवात केली. "टीव्ही नाही. पंखा नाही. अहो, यांतलं काहीच नाहीये घरात!"

आणि ते हसायला लागले. मीही हसलो, काय चाललंय ते न कळूनही रफीकभाई हसला. हसता हसता साहेब खाली फरशीवर बसले, त्या खोक्यांच्या मधोमध. डोळे पुसले. धुळीमुळे असेल असं मी धरून चाललो. "सगळं इथेच आलं, इथेच वापरलं, इथेच मोडलं," ते म्हणाले. "आणि मी खोकी सांभाळत बसलो."

तेवढ्यात लॅच उघडल्याचा आवाज झाला. सानिकाची शाळा लवकर सुटली होती. ती आत आली, आणि हॉलभर उतरवलेली खोकी बघून दारातच थबकली. पाठीवरची बॅगही तिनं काढली नाही. वडील एकटे जाणार हे तिला ठाऊक होतं. पण ही खोकी उतरणार ती फक्त घर हलायच्या दिवशी, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"बाबा?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आर वी ऑल लीव्हिंग? यू सेड ओन्ली यू. यू प्रॉमिस्ड मी माय बोर्ड्स!"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग नव्या एसीच्या खोक्याकडे. मी शिडीची घडी घालायला लागलो, कारण तिथे उभं राहणं मला जड जात होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "कुणी कुठे जात नाहीये. खोकी टाकतोय."

"ऑल?"

"ऑल. आणि मीपण नाही जात. आईला फोन लाव, माझे कागद काय काय लागतात विचार."

ती बॅगेसकट त्यांच्या गळ्यात पडली, इतक्या जोरात की मिक्सरचं खोकं चेपलं. साहेबांचे कणकीचे हात तिच्या युनिफॉर्मवर उमटले. एवढी मोठी मुलगी, पण हुंदके देऊन रडत होती. मी तोंड फिरवलं. रफीकभाईनं मात्र राजरोस डोळे पुसले. पेशावरला त्याच्याही मुली होत्या.

खोकी आम्ही तिघांनी मिळून खाली नेली. नव्या एसीचं खोकं साहेबांनी स्वतः पायानं दाबून सपाट केलं. म्हणालो, "साहेब, वॉरंटी आहे, निदान काही दिवस ठेवा." ते म्हणाले, "सावंत, तुम्हीच ना सांगायचा, हवा अडते म्हणून?"

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. म्हणाल्या, "सावंतभाऊ, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" मी म्हणालो, "काही नाही वहिनी, मी एसी बसवला." आणि ते खरंच होतं.

तो स्टॅम्प गद्र्यांच्या पासपोर्टवर बसला. पुढचं दीड-एक वर्ष त्यांनी घर सांभाळलं. पोळ्या शेवटपर्यंत गोल झाल्या नाहीत, पण आमटी फर्मास करायला लागले. मंडळात कुणी विचारलं तर आधी गोरेमोरे व्हायचे. नंतर स्वतःच सांगायला लागले, "सध्या आमच्या हिच्या स्पॉन्सरशिपवर आहे, जपून बोला." दुबई हळूहळू सावरली तशी त्यांना पुन्हा नोकरी मिळाली, आधीच्यापेक्षा लहान. सानिका शिकली, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात लागली. तिथल्या गारठ्याची तक्रार करणारा तिचा मेसेज मला अजून अधूनमधून येतो, जणू मी मिरजेतून तो कमी करणार आहे! आणि नव्या एसीच्या पहिल्या रात्री, एवढ्या शांततेत, तिला अजिबात झोप आली नव्हती म्हणे.

मी परत आलो त्याला आता काही वर्षं झाली. आल्या आल्या बायकोसाठी चांगला एसी घेतला, स्वतःच्या हातानं बसवला. मिरजेचे इतक्या वर्षांचे मे महिने तिनं एकटीनं कसे काढले ते ती सांगत नाही, आणि मी विचारलं नाही. खोकं मात्र मी सवयीनं माळ्यावर टाकलं. थर्माकोलसकट.

दर दिवाळीला माळा साफ करताना ती ते खाली काढते आणि विचारते, "हे ठेवायचंय का?"

"असू दे."

यंदाही काढलं. झटकलं. मग माळ्यावर परत न ठेवता ते तिनं तसंच माझ्यासमोर आणून ठेवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझाच प्रश्न विचारला.

"अहो, तुम्ही इथे अजून किती वर्षं आहात?"

मी उठलो आणि ते खोकं पायानं दाबून सपाट केलं.